शालीखालची लहर

त्या दिवशी कोरेटोल्याच्या आरोग्य उपकेंद्रात औषध घ्यायला कोणीही आलं नव्हतं, तरी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. पहाटे मोह वेचायला जाणारी माणसं टोपल्या तशाच ठेवून आली होती. पलीकडच्या दोन टोल्यांतली, म्हणजे पाड्यांतली, म्हातारी माणसं काठ्या टेकत आली होती. सगळ्यांच्या नजरा आतल्या टेबलावरच्या संगणकाकडे लागल्या होत्या. संगणकाच्या गळ्यात झेंडूचा हार होता, माऊसवर अक्षता होत्या आणि पडद्यावर कुंकवाचं एवढं मोठं बोट ओढलं होतं की घड्याळ दिसत नव्हतं.

समोरच्या खुर्चीत तरंगबाबा मांडी घालून बसले होते. दाढी काळी कुळकुळीत, अंगावर भगवी शाल, डाव्या हातात लोखंडी चिमटा.

"भक्तहो, पृथ्वीवर नऊ लहरी आहेत," बाबांनी सुरुवात केली. "पाच ऐकू येतात, दोन दिसतात आणि दोन ह्या तरंगबाबाच्या मुठीत आहेत. अमेरिकेचे शास्त्रज्ञ माझ्या पायाशी येऊन गेले. म्हणाले, बाबा, आमच्या यंत्रांना लहर सापडत नाही, तुम्हाला कशी सापडते? मी म्हणालो, बेटा, तू वायरीत शोधतोस, मी ब्रह्मांडात शोधतो!"

"जय हो!" पडवी गरजली. ब्रह्मांडात शोधणाऱ्या माणसाला कोरेटोल्यात येताना वाट चुकून आलापल्लीच्या सागवानात अर्धा दिवस भटकावं लागलं होतं, ही गोष्ट त्या क्षणी कोणालाच आठवली नाही.

"आता मिटा डोळे! लहर उतरताना जो पाहील, त्याच्या बुबुळावर पडदा येईल."

सगळ्यांनी डोळे घट्ट मिटले. बाबांनी शाल डोक्यावरून ओढली आणि कीबोर्डसकट स्वतःला झाकून घेतलं. चिमटा खणखणू लागला. आतून 'ओम तरंगाय, ओम तुरंगाय' असं काहीतरी ऐकू येत राहिलं. मग शाल झटकली गेली. पडद्याच्या कोपऱ्यातलं वायफायचं पंख्यासारखं चिन्ह उजळलं होतं आणि क्षणात तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या कोणाच्या तरी लेकीचा चेहरा पडद्यावर हलू लागला. बायका रडल्या. दोघातिघांनी बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. कोपऱ्यात बांधलेला कोंबडा तेवढा ओरडत होता, कारण पुढे काय होणार हे त्याला माहीत होतं.

ह्या सगळ्या सोहळ्यात उपकेंद्राची नर्स रीता सिस्टर बाहेरच्या पायरीवर उभी होती. स्वतःच्याच केंद्रात तिला उंबरा ओलांडायची बंदी होती, आणि तिचं डोकं तव्यासारखं तापलं होतं.

बंदीचं कारण तिनेच पुरवलं होतं. एका सेवाभावी संस्थेने दिलेल्या त्या संगणकात फुकट मिळणारी प्रणाली होती. 'नवी आवृत्ती आली आहे, बसवू का?' अशी खिडकी त्यात रोज उघडायची. एका मोकळ्या दुपारी रीताने 'हो' म्हटलं. बराच वेळ चक्र फिरलं, संगणक बंद होऊन चालू झाला आणि पडद्याचं रूपच पालटलं. खालची पट्टी वर गेली, रंग बदलले, चिन्हं जागा सोडून पळाली. आणि वायफाय गेलं. दर गुरुवारी ह्याच पडद्यावर तालुक्याच्या दिव्या डॉक्टर पेशंट तपासायच्या, आणि पेशंट संपले की परगावी गेलेल्या पोरांशी गाव बोलायचं. तेच बंद पडलं. एक छोटी खिडकी दोन रकान्यांत पासवर्ड मागत होती. रीताने वायफायचा पासवर्ड वरच्या रकान्यात टाकला, खालचा तसाच सोडला. जुळत नाही, म्हणाली खिडकी. पुन्हा टाकला. जुळत नाही. वैतागून तिने खिडकी बंद केली.

नेमके त्याच आठवड्यात तरंगबाबा शेजारच्या गावात दरबार भरवून होते. त्यांना पाचारण झालं. त्यांनी दार आतून लावून 'शुद्धी' केली, वायफाय परत आणलं आणि बाहेर येऊन निदान सांगितलं: यंत्राला बाईचा हात लागला, विटाळ झाला, लहर रुसली.

दुसऱ्या गावात लोक ह्यावर हसले तरी असते. पण कोरेटोल्याच्या टोकाला कुरमाघर होतं. पाळीच्या दिवसांत बायका तिथे राहायच्या, आणि त्या दिवसांत कशाला शिवायचं नाही हे प्रत्येक पोरीला चालायला शिकल्यापासून पाठ होतं. बाईच्या हाताने एखादी गोष्ट बिघडते हे इथे नव्याने पटवून द्यावं लागत नव्हतं. बाबाने आपली थाप गावाच्या त्या जुन्या भिंतीला टेकवून उभी केली, म्हणून ती पडत नव्हती. गावातल्या बायका आपणहून संगणकापासून दूर झाल्या. त्यातून वीज रोज जायची. वीज गेली की संगणक बंद, संगणक चालू केला की लहर गायब, आणि लहर गायब की कोंबडा घेऊन बाबांकडे माणूस.

इथवर रीताने दात खाऊन सोसलं असतं. पण त्या दिवशी बाबांनी पडवीतल्या एका पोरीकडे चिमटा रोखला.

"ती कोण?"

ती सुकरी होती, झाडू नावाच्या तरुणाची बायको. सातवा महिना लागलेला, डोळे पिवळसर, दोन पावलं चालली की धाप. तिला सिकलसेल होता. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हे रीताने तिच्या सासूला चित्र काढून समजावलं होतं, आणि सासू शकुबाईने भाबडेपणाने ते बाबांच्या कानावर घातलं होतं.

"हीच!" बाबा म्हणाले. "हिचं रक्त वाकडं. वाकड्या रक्ताची सावली पडली की सरळ लहर वाकडी होते. बाळंत होईस्तोवर हिला कुरमाघरात ठेवा. ह्या केंद्राची पायरी नको, गाडीत बसणं नको. मी रक्तबंधन करीन. शास्त्र आहे हे, शास्त्र!"

सुकरीने पदर तोंडाशी नेला. शकुबाई तिचा दंड धरून तिला कुरमाघराकडे घेऊन गेली.

संध्याकाळच्या आत रीता त्यांच्या अंगणात होती. झाडू खाटेवर मान खाली घालून बसला होता.

"अरे, तिचं रक्त खूप कमी झालं आहे. दिव्या मॅडम म्हणतात ह्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे, रक्त चढवायला पाहिजे. माय आणि लेकरू दोघंही हातचे जातील!"

"मले समजते सिस्टरबाई," झाडू पुटपुटला. "पण गावाच्या बाहेर जाऊन कसा करू? बाबा म्हणते, गाडीत बसली त साऱ्या गावाची लहर तुटन."

"लहर तुटन म्हणून बायको मरू देशीन?"

"तुमीच तं बटन दाबलं होतं बाई," शकुबाई दारातून फणकारली. "तवापासूनच चालू हाय हे. आता आमाले काऊन शिकवता?"

बटण तिनेच दाबलं होतं, हे तिच्या मनाला टोचतच होतं. ती परत फिरली आणि वाटभर स्वतःवर, बाबावर आणि त्या मुलखातल्या विजेवर चिडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव मोहाखाली गेलेलं होतं. वीज नुकतीच जाऊन आली होती, म्हणजे बाबांच्या हिशेबाने लहर रुसलेलीच होती. रीता पायरीवर बसून गोळ्यांची पाकिटं लावत होती. तेवढ्यात तिच्या खिशातला मोबाईल वाजला. दिव्या डॉक्टरांचा निरोप: 'सुकरीला आणलं का?'

रीता उत्तर लिहू लागली आणि तिचा अंगठा थबकला. कोरेटोल्यात मोबाईलला रेंज नाही. तिच्या फोनवर निरोप येतो तो केंद्रातल्या वायफायच्या खोक्यावरूनच. खोक्याचा पासवर्ड केंद्राच्या कामापुरता, म्हणून गावात बाकी कोणाच्या फोनला तो जोडलेला नव्हता आणि इतके दिवस ही गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नव्हती. तिच्यासुद्धा! रुसलेली लहर तिच्या फोनवर मुकाट येत होती. ती बाई होती, बटण दाबणारी पापीण होती, तरी येत होती. मग रुसवा फक्त संगणकावर?

ती ताडकन उठली, उंबरा ओलांडला आणि संगणकासमोर बसली. हार बाजूला सारला, कुंकू ओल्या बोळ्याने पुसलं. ती छोटी खिडकी तिथेच होती. ह्या वेळी तिने घाई केली नाही. पेशंटचा रिपोर्ट वाचावा तशी एकेक शब्द करून ती खिडकी तिने वाचली. खिडकी वायफायचा पासवर्ड मागतच नव्हती. ती कुठल्याशा पेटीचा पासवर्ड मागत होती.

तिने त्याच वायफायवरून दिव्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दवाखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या प्रियाला दिला. प्रियाने सगळं ऐकून घेतलं आणि ती हसायलाच लागली.

"अवो सिस्टर, नवी आवृत्ती बसली की असं होते कधीकधी. जुनी प्रणाली वायफायची किल्ली बाहेर खुंटीला टांगून ठेवत होती म्हणा. नवी तिले एका पेटीत टाकते आणि पेटीले कुलूप लावते. पेटी पहिल्यांदा बनते तवा ती विचारते, कुलपाचा शब्द काय ठेवू? जो माणूस समोर बसला असते, तो ठेवते शब्द. मग संगणक बंद होऊन चालू झाला की पेटी परत तोच शब्द मागते. तुमी वायफायचा शब्द टाकून राह्यल्या, म्हणजे घराची किल्ली कपाटाले लावून राह्यल्या. पेटी बनवली कोणं?"

रीताला दार आतून लावून केलेली 'शुद्धी' आठवली. तिच्या तोंडातून एक शिवी निघाली. ती नर्सच्या तोंडी शोभण्यासारखी नव्हती.

"आता मी सांगते तसं करा," प्रिया म्हणाली. "ती पेटीच काढून टाकू."

"आत्ता नको," रीता म्हणाली. "आत्ता केलं तर तोच म्हणेल, पहा माझा प्रताप. लोकांसमोर करायचं आहे. उद्या फोन करते, थांबशील?"

त्या दुपारी ती ग्रामसभेचे अध्यक्ष बापूजी ह्यांच्याकडे गेली. बापूजी दोरी वळत होते. त्यांनी सगळं ऐकलं, पण मान डोलावली नाही.

"सिस्टरबाई, देवाच्या मामल्यात मी पडत नाई."

"मलाही देवाच्या मामल्यात पडायचं नाही. एकच विचारते. तुमच्या पेनठाण्यावर, देवाच्या जागी पूजा होते. भूमक पूजा करतो, तेव्हा तुम्ही डोळे मिटता का?"

बापूजींचा हात दोरीवर थांबला. "काऊन मिटाचे? सारं उघड्यावर असते. झाडाखाली, साऱ्या गावासमोर. लेकरंबी पाह्यते."

"तुमचा देव उघड्या डोळ्यांना भीत नाही. मग ह्या बाबाची लहर कशाला भिते?"

म्हातारा दोरी बाजूला ठेवून म्हणाला, "उद्या बोलवा त्याले. पाहू."

दुसऱ्या दिवशी निरोप गेला तसे बाबा आले, नवा कोंबडा मिळणार म्हणून खुशीत. पडवी पुन्हा भरली. बापूजी आणि शकुबाई पुढे बसले होते. शकुबाईला तिथे बसवण्यासाठी रीताने एवढंच म्हटलं होतं, "तुमची सून कुरमाघरात पडून आहे. ज्यासाठी पडून आहे ते एकदा जवळून तरी पाहा." झाडू सुकरीला घेऊन दूर चिंचेखाली उभा होता, कारण बापूजींनी तसं सांगितलं होतं.

"मिटा डोळे!" बाबांनी शाल ओढली. चिमटा खणखणला. "ओम तरंगाय, ओम तुरंगाय..."

गावाने सवयीने डोळे मिटले. बापूजींनी मिटले नाहीत. शकुबाईने आधी मिटले, मग एक उघडला, मग दुसरा. शालीखाली काहीतरी टकटक वाजत होतं आणि चिमटा ते झाकू पाहत होता. म्हातारीच्या कपाळावर आठी चढली. ती उठली, दोन पावलं पुढे गेली आणि तिने शाल दोन्ही हातांनी खेचली.

बाबा उघडे पडले. डावा हात चिमटा वाजवत होता. उजव्या हाताची तर्जनी कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत होती, आणि त्या छोट्या खिडकीत काळ्या ठिपक्यांची रांग लागली होती.

"हे काय करून राह्यला?" शकुबाईने विचारलं.

"मंत्र... मंत्र आहे माई. यंत्रमंत्र. डोळे मिट, अंध होशील!"

"माये डोळे ठणठणीत हायेत. मंत्र म्हणाले तोंड लागते, बटनं काऊन लागते?"

आता सगळ्यांचेच डोळे उघडले होते. पडवी पुढे सरकली. रीता उंबरा ओलांडून आत आली आणि तिने सरळ संगणकाचं बटण बंद केलं. कोणीतरी 'अरे अरे' म्हणालं. तिने तो पुन्हा चालू केला, खिडकी आली, आणि तिने प्रियाने सांगितलेली पेटीची, कुलपाची, किल्लीची सगळी गोष्ट गावाला गावच्या भाषेत सांगितली. मग ती बाबांकडे वळली.

"कुलपाचा शब्द सांगा. ब्रह्मांडातून आला असेल तर सगळ्यांना सांगायला काय हरकत?"

"तो गुप्त आहे. गुरूने कानात दिला आहे."

"सांगतो का नाई?" बापूजी शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज कधीच चढत नसे, आणि म्हणूनच झाडूसकट चार तगडे लोक आपोआप दारात येऊन उभे राहिले.

बाबांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, खिडकीला गज होते. ब्रह्मांडातल्या नऊ लहरींपैकी एकही मदतीला आली नाही. त्यांनी तोंडातल्या तोंडात शब्द सांगितला. रीताने तो मोठ्याने अक्षर अक्षर म्हणत दाबला. 'रामाजी मोबाईल' असा तो शब्द होता. पंख्याचं चिन्ह उजळलं.

"हा रामाजी कोण?" बापूजींनी विचारलं.

"नागभीडला... स्टेशनाजवळ माझं दुकान होतं," तरंगबाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम दुकानदाराचा झाला होता. "मोबाईल दुरुस्तीचं. चाललं नाही."

"हे चाललं!" रीता कडाडली. "संगणकाने तुला एक साधा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तू खिशात ठेवलंस आणि त्यावर देव बनलास. तिथवर तुला कोंबडी पुरली असती. पण त्या पोरीच्या रक्तावर बोट ठेवताना तुझी जीभ झडली कशी नाही? तुला तिच्या आजाराचं नाव तरी माहीत आहे?"

रामाजीला माहीत नव्हतं.

रीताने प्रियाला फोन लावून आवाज मोठा केला. प्रिया सांगत गेली, रीता करत गेली. जुनी पेटी पुसली. वायफायची जोडणी नव्याने केली आणि 'सगळ्यांसाठी' ठेवली, म्हणजे किल्ली पुन्हा बाहेर खुंटीला आली आणि पेटीची भानगडच संपली. शेवटचं बटण उरलं तेव्हा रीताने बाहेर हाक मारली.

"सुकरी, आत ये."

पडवी दुभंगली. सुकरी उंबऱ्याशी अडखळली. तिने सासूकडे पाहिलं. शकुबाईने शाल जमिनीवर टाकली आणि सुनेचा हात धरून तिला टेबलापर्यंत आणलं. सुकरीने बटण दाबलं. चिन्ह उजळलं. रीताने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. कोणी मंत्र म्हटला नाही, कोणी शाल घेतली नाही, आणि वाकड्या रक्ताची सावली थेट पडद्यावर पडलेली असताना चिन्ह आपोआप उजळलं. मग रीताने तालुक्याला व्हिडिओ कॉल लावला आणि तिथे दिव्या डॉक्टर दिसल्या. त्यांनी नमस्कार वगैरे काही केला नाही.

"ती पोरगी अजून तिथेच का आहे?" त्या ओरडल्या. "गाडी काढा!"

गाडी निघाली. झाडू पुढे बसला, शकुबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन मागे. मोठ्या दवाखान्यात सुकरीला रक्त चढवलं गेलं. अजून दोन दिवस कुरमाघरात राहिली असती तर आमच्या हातात काही उरलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी शकुबाईला तोंडावर सांगितलं. पुढे मुलगी झाली, अंगाने लहान पण रडायला खणखणीत. रीताने तिचंही रक्त तपासायला पाठवलं.

पोलीस येईस्तोवर रामाजीला ग्रामसभेने चिंचेखाली बसवून ठेवलं होतं. सुटून आल्यावर तो गोंडपिपरीकडे कुठेतरी नव्या नावाने दिसल्याचं बाजारात बोलतात. ह्या वेळी बंद पडलेल्या मोटारपंपात प्राण फुंकतो म्हणे. दिसेलच. जिथे बिघाडाचं कारण कोणी शोधत नाही, तिथे असल्यांना दाणापाणी मिळतं.

म्हणून सांगायचं ते सरळ सांगतो. यंत्र बिघडलं तर ते बिघडण्याला कारण असतं, आणि ते कारण बाईच्या हातात, कोणाच्या सावलीत किंवा पोटुश्या पोरीच्या रक्तात कधीच नसतं. एकच गोष्ट एका वेळी बदलून पाहा. फोनवर चालतं आणि संगणकावर नाही, तर संगणकात पाहा. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा, कळलं नाही तर ज्याला कळतं त्याला विचारा. आजार असेल तर दवाखाना गाठा, आधी दवाखाना.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईने शकुबाईला विचारलं होतं, "माय, तुमच्या सुनेले कोण्या देवानं वाचवलं?"

शकुबाई नातीला थोपटत होती. "देवाले त आमी कोंबडे कापूनच राह्यलो होतो बाई," ती म्हणाली. "वाचवलं त्या बाटलीतल्या रक्तानं. कोणाचं होतं त्याचं नाव नाई माहीत. बाईचंबी असन."